नेट नेमकं कुठे तुटतं हे टिपून ठेवणारी शेल स्क्रिप्ट

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आणि त्याच्या ऑफिसात फायबरची जोडणी. भिंतीवर ओएनटी (फायबरचा सिग्नल साध्या केबलवर आणणारी पेटी), शेजारी राउटर, पुढे स्विच आणि उबुंटूवर चालणारा एक जुना पीसी. दिवसातून कितीदा तरी नेट जातं. माल भरून गाडी दारात उभी असते आणि ई-वे बिलाचं पान फिरतच राहतं. सेवा देणाऱ्याला फोन केला की "आमच्याकडून लाइन चालू दिसतेय" एवढंच उत्तर मिळतं. पिंगची (पत्त्याकडे छोटं पॅकेट पाठवून उत्तर येतं का ते पाहणाऱ्या कमांडची) खिडकी दिवसभर उघडी ठेवून पाहिली, तरी हाती काही लागलं नाही. चालू जोडणीवर लक्ष ठेवणारी साधी स्क्रिप्ट कशी लिहावी?

(खाली कमांड, पर्याय आणि फायलींची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत टाका. जिथे कॅपिटल अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे, बाकी सगळी अक्षरं लहान.)

पिंगच्या खिडकीतून काही कळत नाही, कारण लिनक्सवरचं पिंग हरवलेल्या पॅकेटबद्दल गप्प बसतं. उत्तर आलं नाही तर ओळच छापली जात नाही, फक्त पुढच्या ओळीतला क्रमांक उडी मारतो. कॅपिटल ओ हा पर्याय दिला तर न आलेल्या उत्तराची ओळ दिसते, कॅपिटल डी दिला तर वेळ दिसते. तरीही त्यातून कळतं ते इतकंच की नेट गेलं. ते तर सेवा देणाराही नाकारत नाही. वाद असतो तो कुठे तुटलं यावर: आपल्या केबलमध्ये, राउटरमध्ये, ओएनटीच्या विजेत, बाहेरच्या फायबरवर, की नुसत्या डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून तिचा आकड्यांचा पत्ता शोधणारी सोय). म्हणून स्क्रिप्टने प्रत्येक फेरीत एकाच प्रश्नाचं उत्तर शोधायचं आणि वेळेसह लिहून ठेवायचं: या क्षणी साखळीतली पहिली तुटलेली कडी कोणती?

आधी यंत्राचं पाहू. पीसी बाजूला ठेवा आणि एखादा जुना लॅपटॉप घ्या. बॅटरी अर्धा तास टिकत असली तरी पुरे. लाइट गेली तरी लॅपटॉप जागा राहतो, शिवाय वीज आहे की नाही हे तो स्वतःच सांगतो. /सिस/क्लास/पॉवर_सप्लाय या फोल्डरात एसी, एडीपी1 किंवा एसीएडी (सगळी अक्षरं कॅपिटल) अशा नावाचा उपफोल्डर सापडेल. त्यातल्या ‘ऑनलाइन’ फायलीत चार्जरला वीज मिळत असेल तर 1 असतो, नसेल तर 0. चार्जर मात्र ओएनटी ज्या बोर्डवर आहे त्याच बोर्डवर लावा. ओएनटी थेट लाइटवर आणि चार्जर यूपीएसवर असेल तर ही फाइल फसवते. झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपू नये म्हणून लॉगइनडीच्या कॉन्फ फायलीत ‘हँडल लिड स्विच’ला (तिन्ही शब्द सलग, प्रत्येकाचं पहिलं अक्षर कॅपिटल) ‘इग्नोर’ करा. केबल थेट राउटरच्या लॅन पोर्टात लावा. मध्ये स्विच आला की त्याचे दोष मिसळतात, आणि वाय-फायवर मोजलेलं तर पुरावा म्हणून दाखवायच्या लायकीचं राहत नाही.

आता कड्या. लॅपटॉपच्या बाजूने निघालो तर: केबल, राउटर, सेवा देणाऱ्याचं पहिलं यंत्र, बाहेरचं जग आकड्यांच्या पत्त्यावर, आणि शेवटी नावाने उघडणारं पान. तपासताना मात्र उलटं जा, सगळ्यात दूरची कसोटी आधी. पान उघडलं तर अलीकडचं सगळं ठीक आहे हे आपोआप सिद्ध होतं. शिवाय सेवा देणाऱ्याची बरीच यंत्रं पिंगला कमी प्राधान्य देतात किंवा उत्तरच देत नाहीत. जवळून सुरुवात केली तर अशा गप्प यंत्रामुळे दिवसभर खोट्या नोंदी पडतात.

पानाची कसोटी कर्लने (वेबपान मागवणारी कमांड) घ्या. पत्ता कनेक्टिव्हिटीचेक.जीस्टॅटिक.कॉम/जनरेट_204, मुद्दाम एचटीटीपीवर. पर्याय: -एस, -ओ /डेव्ह/नल, -एम 8 म्हणजे 8 सेकंदांची मर्यादा, आणि -डब्ल्यू देऊन एचटीटीपी कोड छापायचा. सगळं ठीक असेल तर 204 येतो. 200 किंवा 302 आला तर मध्येच कोणीतरी स्वतःचं पान दाखवतंय. बहुतेक वेळा ते प्लॅन संपल्यावर येणारं रिचार्जचं पान असतं. अशा वेळी पिंग चालू असू शकतं आणि तरी एकही साइट उघडत नाही. एचटीटीपीएस वापरलं तर हे पान दिसण्याऐवजी प्रमाणपत्राची चूक येते आणि निदान भलतीकडे जातं. 000 आला तर जोडणीच झाली नाही. मग कर्लचा एक्झिट कोड (कमांड संपताना मागे ठेवते तो निकालाचा आकडा) पाहा: 6 म्हणजे नावाचा पत्ता मिळाला नाही, 7 म्हणजे जोडणी नाकारली किंवा झालीच नाही, 28 म्हणजे वेळ संपली. हे तीन आकडे लॉगमध्ये जसेच्या तसे उतरवा. कर्लला -4 हा पर्यायही द्या. नाहीतर ते आयपीव्ही6वरून (पत्त्यांची नवी पद्धत) जाईल, पिंग आयपीव्ही4वरून, आणि दोघांची उत्तरं जुळणार नाहीत.

204 मिळाला नाही तर 1.1.1.1 आणि 8.8.8.8 या दोन्हींना (हे बाहेरचे सार्वजनिक डीएनएस सर्व्हर) पिंग करा. एकच पत्ता धरला तर त्या पत्त्याकडच्या वाटेत झालेला बिघाड तुमच्या नावावर लिहिला जातो. दोन्हीपैकी एकाने उत्तर दिलं आणि कर्ल 6 सांगत असेल, तर नेट चालू आहे, डीएनएस बंद आहे. लहान ऑफिसातल्या "नेट गेलं"च्या तक्रारींमध्ये हा प्रकार वाटतो त्यापेक्षा बराच जास्त असतो. स्वस्त राउटरमधला डीएनएसचा भाग अडकतो, पाच मिनिटांनी आपोआप सुटतो किंवा राउटर बंद-चालू केल्यावर सुटतो, आणि सगळे फायबरला दोष देतात. खात्रीसाठी डिग (डीएनएसला थेट विचारणारी कमांड) वापरून तेच नाव एकदा राउटरच्या पत्त्यावर आणि एकदा 8.8.8.8 वर विचारा, प्लस-टाइम 2 आणि प्लस-ट्राइज 1 देऊन. डिगचा एक्झिट कोड 9 म्हणजे सर्व्हरने उत्तर दिलं नाही. राउटर गप्प आणि बाहेरचा बोलतोय असं दिसलं तर राउटरच्या डीएचसीपीमधून (यंत्रांना पत्ते वाटणारी सोय) सगळ्यांना थेट बाहेरचा डीएनएस द्या. तक्रार तिथेच संपते.

दोन्ही पत्ते गप्प असतील तर सेवा देणाऱ्याच्या पहिल्या यंत्राला पिंग. त्याचा पत्ता नेट चालू असताना एकदा ‘ट्रेसपाथ -एन 1.1.1.1’ चालवून काढून ठेवा. सुरुवातीची ‘लोकलहोस्ट’ची ओळ सोडा, मग 1 क्रमांकाची ओळ राउटरची. 2 क्रमांकाच्या ओळीत 10 ने सुरू होणारा किंवा 100.64 ते 100.127 या टप्प्यातला पत्ता दिसला तर तो बहुधा सेवा देणाऱ्याचा. तिथे 192.168 ने सुरू होणारा पत्ता असेल तर ओएनटीसुद्धा राउटरचं काम करतो आहे. मग तो स्वतंत्र कडी म्हणून यादीत घ्या, ही उलट सोय आहे. त्या यंत्राकडून नेट चालू असतानाही उत्तर येत नसेल तर ही कडी गाळा.

त्यानंतर राउटर. त्याचा पत्ता ‘आयपी राउट शो डीफॉल्ट’च्या ओळीतला तिसरा शब्द, तो ऑकने (ओळीतले शब्द वेगळे करणारी कमांड) काढता येतो. राउटरही गप्प असेल तर शेवटी /सिस/क्लास/नेट मध्ये आपल्या पोर्टच्या फोल्डरातली ‘कॅरिअर’ फाइल वाचा. 1 असेल तर केबलवर सिग्नल आहे, 0 असेल तर नाही. पोर्टच बंद केलेला असेल तर ती वाचताना चूक येते, म्हणून वाचलेली किंमत रिकामी आली तर ती 0 धरा.

पिंगच्या पर्यायांवर थोडं थांबायला हवं, कारण निम्म्या स्क्रिप्ट इथेच चुकतात. ‘पिंग -एन -क्यू -सी 3 -डब्ल्यू 2’ आणि पुढे पत्ता, यातला डब्ल्यू कॅपिटल आहे. तो एका उत्तरासाठी थांबायचे सेकंद सांगतो. लहान डब्ल्यू म्हणजे सगळ्या कामाची मिळून मर्यादा. कॅपिटल डब्ल्यू वापरला तर तीनपैकी एक जरी उत्तर आलं तरी एक्झिट कोड 0 मिळतो, एकही नाही आलं तर 1, आणि पत्ताच कळला नाही वगैरे असेल तर 2. लहान डब्ल्यू आणि -सी एकत्र दिले की अर्थ बदलतो: ठरलेल्या वेळेत तीनच्या तीन उत्तरं आली नाहीत तर कोड 1. एक पॅकेट हरवलं की "नेट गेलं" अशी नोंद पडते ती यामुळे. मॅकवर कॅपिटल डब्ल्यू मिलिसेकंदात मोजतो, म्हणून लिनक्सवरची स्क्रिप्ट तशीच उचलली तर पिंग 2 सेकंदांऐवजी 2 मिलिसेकंदच थांबतं.

निकाल वाचताना पिंग थेट पाइपमधून ग्रेप किंवा टेलला (मजकूर छाटणाऱ्या कमांड) देऊ नका. तसं केलं तर हाती येणारा एक्झिट कोड ग्रेपचा असतो, पिंगचा नव्हे. आधी सगळं उत्तर एका व्हेरिएबलमध्ये घ्या, लगेच पुढच्या ओळीत एक्झिट कोड दुसऱ्यात ठेवा, मग छाटणी करा. फंक्शनमध्ये ‘लोकल’ लिहून त्याच ओळीत पिंगचं उत्तर भरलंत तरी तीच अडचण: कोड ‘लोकल’चा येतो, आणि तो नेहमी 0. व्हेरिएबल आधी जाहीर करा, किंमत खालच्या ओळीत भरा. आणि सुरुवातीला सवयीने लिहिलेलं ‘सेट -ई’ इथे काढून टाका. पहिलं पिंग फसलं की स्क्रिप्ट तिथेच मरते, म्हणजे नेमक्या गरजेच्या क्षणी.

पॅकेट लॉसचा (हरवलेल्या पॅकेटांच्या टक्क्याचा) आकडा शब्दांच्या क्रमाने काढू नका. चूक-संदेश आले की पिंगच्या हिशेबाच्या ओळीत ‘+3 एरर्स’ असा जादा तुकडा घुसतो आणि क्रम सरकतो. टक्क्याची खूण असलेला शब्द शोधा. सरासरी वेळ मात्र तिरप्या रेघेवर तोडून पाचव्या तुकड्यात मिळते. राउटरवरच बिझीबॉक्सचं (लहान यंत्रांवर येणारा कमांडचा संच) पिंग वापरत असाल तर चौथ्या. स्क्रिप्टच्या डोक्यावर एलसी_ऑल ला सी (दोन्हीकडे सगळी अक्षरं कॅपिटल) करून ठेवा, म्हणजे भाषेच्या सेटिंगमुळे हे शब्द बदलणार नाहीत. पिंग फसलं तेव्हाचे चूक-संदेशही साठवा, त्यासाठी त्या फेरीत -क्यू काढा. ‘फ्रॉम’च्या पुढे लॅपटॉपचा स्वतःचाच पत्ता आणि ‘होस्ट अनरीचेबल’ असेल तर राउटरपर्यंतच पोहोचता आलेलं नाही. राउटरचा पत्ता आणि ‘नेट अनरीचेबल’ असेल तर राउटर शुद्धीवर आहे आणि बाहेरची वाट तुटल्याचं तोच सांगतोय.

फेऱ्यांमधलं अंतर 15 सेकंद ठेवा. स्थिती बदलल्याची नोंद एकाच फेरीवरून करू नका: सलग तीन फेऱ्या फसल्या तर ‘तुटलं’, सलग दोन जमल्या तर ‘जुळलं’. तुटण्याची वेळ लिहिताना मात्र तीनपैकी पहिल्या फेरीची वेळ लिहा, म्हणून ती आधीच बाजूला ठेवावी लागते. फसलेली फेरी लांबते हेही ध्यानात असू द्या. कर्लचे 8 सेकंद, प्रत्येक गप्प पत्त्यामागे साधारण 4, म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या आसपासही जाऊ शकते. फेऱ्या मोजून "इतकी मिनिटं बंद" असा हिशेब कधीच करू नका, घड्याळावरून करा.

आणि घड्याळावरही आंधळा विश्वास नको. लॅपटॉपचा सीएमओएस सेल (यंत्र बंद असताना घड्याळ चालवणारा) गेलेला असेल, किंवा रास्पबेरी पाय वापरत असाल (पाय 5 च्या आधीच्या बोर्डांवर स्वतःचं घड्याळच नाही), तर लाइट जाऊन आल्यावर चुकीची वेळ दिसते. ती दुरुस्त होते नेटवरून, आणि नेटच नसेल तर नाहीच होत. म्हणून प्रत्येक ओळीत तारखेसोबत /प्रॉक/अपटाइम मधला पहिला आकडाही लिहा. किती वेळ बंद होतं याची वजाबाकी त्या आकड्यावर करा, तारीख-वेळ फक्त माणसांसाठी. अपटाइमचा आकडा लहान झाला म्हणजे मध्ये यंत्र बंद पडून चालू झालं, तो टप्पा हिशेबातून वेगळा काढा.

एका ओळीत एवढं पुरे: तारीख-वेळ, अपटाइम, वीज, कॅरिअर, पहिली तुटलेली कडी, लॉस, सरासरी मिलिसेकंद, कर्लचे दोन्ही कोड. ओळ साधारण 80 बाइटची, दिवसाला 5760 फेऱ्या, म्हणजे साडेचारशे केबीच्या आसपास. महिन्याला 14 एमबी, लॅपटॉपच्या डिस्कला जाणवतही नाही. एसडी कार्डवर मात्र दर 15 सेकंदांनी लिहू नका. ओळी /रन मध्ये जमवा आणि तासातून एकदा कार्डावर उतरवा. ‘तुटलं-जुळलं’च्या नोंदी वेगळ्या फायलीत आणि लगेच. पुढे उपयोगी पडते ती हीच छोटी फाइल.

चालवायला क्रॉन (ठरावीक वेळी कमांड चालवणारी सोय) नको. एक मिनिटाच्या आत ते येत नाही, लांबलेल्या फेरीवर दुसरी फेरी चढते, त्याचं पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) तोकडं असतं म्हणून हाताने चालणारी कमांड तिथे सापडत नाही, आणि त्याच्या ओळीत टक्क्याची खूण उलट्या तिरप्या रेघेशिवाय लिहिली की ओळ तिथेच तुटते. सिस्टमडीची (लिनक्सवर सतत चालणारी कामं सांभाळणारी व्यवस्था) चार ओळींची सर्व्हिस लिहा, ‘रिस्टार्ट’ला (आर कॅपिटल) ‘ऑलवेज’ द्या.

आठवडाभराच्या नोंदी जमल्या की वाचायला घ्या. इथे घाई नको, चांगलं निदान होतं ते इथेच.

राउटर ठीक, पहिलं यंत्र गप्प, आणि वीज 0: ओएनटीला लाइट नव्हती. हा दोष सेवा देणाऱ्याचा नाही. ओएनटी बहुतेक 12 व्होल्टवर चालतो, त्याच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर पाहून तेवढ्याच क्षमतेचा छोटा डीसी यूपीएस लावला की बहुतांश खंड बंद होतात. राउटर ठीक, पहिलं यंत्र गप्प, वीज 1, आणि ओएनटीवर एलओएसचा (सिग्नल हरवल्याचा) लाल दिवा: फायबर तुटलं किंवा वाकलं. ओएनटीच्या पानावर आलेल्या प्रकाशाची पातळी पाहा. जीपॉनच्या (अशा फायबर जोडणीची नेहमीची पद्धत) नेहमीच्या बी-प्लस वर्गात ती उणे 8 ते उणे 27 डीबीएमच्या (प्रकाशाच्या ताकदीचं माप) दरम्यान हवी. उणे 26 च्या पुढे, उणे 27 कडे रेंगाळत असेल तर लाइन आज चालू दिसली तरी काठावर आहे. एप्रिल-मेच्या दुपारीच खंड पडत असतील तर उष्णता तपासा. घरगुती ओएनटी आणि राउटर बहुधा 40 अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि सोलापुरात त्या दिवसांत बाहेरच पारा 40 च्या वर असतो. पत्र्याखालच्या बंद पेटीत त्याहून किती जास्त, ते हात लावला की कळतं. कारखान्यात सुताचा तंतू व्हेंटमध्ये साचतो, तोही महिन्यातून एकदा काढा.

खंड दर वेळी ठरावीक तासांनी आणि मिनिटभराचाच असेल तर पीपीपीओईचं (सेवा देणाऱ्याकडे लॉगिन करून जोडणी उघडायची पद्धत) सत्र तुटून पुन्हा जुळत असावं. राउटरच्या लॉगमध्ये तीच वेळ सापडते का पाहा. कॅरिअरच 0 होत असेल तर केबल, आरजे45 (केबलच्या टोकाचा प्लग) किंवा राउटरचा पोर्ट. त्याच फोल्डरातली ‘कॅरिअर_चेंजेस’ फाइल किती वेळा सिग्नल गेला-आला ते मोजते. ‘स्पीड’मध्ये 1000 ऐवजी 100 दिसलं तर चारपैकी एखादी जोडी तुटल्याचा संशय घ्या: गिगाबिटला चारही जोड्या लागतात, 100 ला 1, 2, 3 आणि 6 या पिनांवरच्या दोन पुरतात. ऑफिस ठीक आणि शेडमध्येच त्रास असेल तर तिथे दुसरा लॅपटॉप लावा. तांब्याच्या केबलची मर्यादा 100 मीटर आहे. लूमच्या मोटरच्या वायरींसोबत एकाच पाइपातून नेलेली केबल ‘आरएक्स_सीआरसी_एरर्स’ (बिघडून आलेल्या पॅकेटांची मोजणी) वाढवते, आणि मोटर सुरू होताना व्होल्टेज खाली गेलं की शेडमधला छोटा स्विच रीबूट होतो. दोन इमारतींमध्ये केबल टाकायचीच असेल तर फायबर टाका. वळवाच्या पावसातल्या विजांपासूनही ते सुरक्षित.

काहीच तुटत नाही, पण संध्याकाळी सरासरी 15 मिलिसेकंदांची 150 होते: कोणीतरी अपलोड भरून टाकलंय, बहुतेक वेळा क्लाउडवर जाणारे कॅमेरे किंवा मोबाइलचा बॅकअप. याची खात्री लॅपटॉपच्या ‘टीएक्स_बाइट्स’वरून (पाठवलेल्या बाइटची मोजणी) होणार नाही, तिथे फक्त लॅपटॉपची स्वतःची वाहतूक दिसते. राउटरच्या वॅन पोर्टचे (सेवा देणाऱ्याच्या बाजूचा पोर्ट) आकडे वाचा, दोन वेळांच्या आकड्यांमधला फरक 8 ने गुणा आणि सेकंदांनी भागा. राउटर जुना असेल तर काउंटर 32 बिटांचा असतो आणि 100 एमबीपीएसच्या पूर्ण वेगाला पावणेसहा मिनिटांत पुन्हा शून्यावर येतो, म्हणून नोंद दर मिनिटाला घ्या आणि उणे आलेला फरक टाकून द्या.

एक प्रकार मात्र या सगळ्या कसोट्या पार करून जातो: पिंग ठीक, 204 ठीक, तरी ठरावीक साइट अर्ध्यावर अडकते. लहान पॅकेट जातात, मोठी अडतात. पीपीपीओईवर पॅकेटची कमाल लांबी (एमटीयू) 1500 ऐवजी 1492 असते. पिंगला कॅपिटल एम ‘डू’ आणि -एस 1464 द्या. शीर्षकाचे 28 बाइट धरून बरोबर 1492 होतात, ते गेलंच पाहिजे. नाही गेलं तर आकडा कमी करत जा, जिथे जाईल त्यात 28 मिळवून तेवढा एमटीयू राउटरच्या वॅनला द्या, आणि एमएसएस क्लॅम्पिंगची (दोन्ही टोकांना आधीच लहान पॅकेट पाठवायला लावायची) सोय असेल तर तीही चालू करा.

नेट गेल्याचा संदेश त्याच नेटवरून जाणार नाही हे उघड आहे. जुळल्यावर मागचा हिशेब पाठवा. लगेच कळायलाच हवं असेल तर बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला लॅपटॉपने दर मिनिटाला हजेरी द्यावी आणि हजेरी चुकली की त्या सर्व्हरने कळवावं. उलट दिशेने, बाहेरून ऑफिसला पिंग करून, हे जमणार नाही. 100.64 च्या टप्प्यातल्या पत्त्यामागे असाल तर बाहेरचं पिंग तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही.

सेवा देणाऱ्याकडे जाताना पूर्ण लॉग नेऊ नका. फक्त ते खंड न्या ज्यात वीज 1, कॅरिअर 1, राउटर ठीक आणि पहिलं यंत्र गप्प होतं, सुरुवात आणि शेवट सेकंदांसह. ओएनटीची वीज गेली की तो शेवटचा संदेश पाठवून बंद होतो आणि सेवा देणाऱ्याच्या ओएलटीवर (ओएनटी ज्याला जोडलेले असतात ते त्यांच्याकडचं यंत्र) त्याची ‘डाइंग गॅस्प’ अशी नोंद होते. फायबर तुटलं तर एलओएसची. त्यांच्या इंजिनिअरला याच दोन नोंदी तुमच्या वेळांशी ताडून पाहायला सांगा. लाइन चालू आहे का, हे विचारूच नका. फोन लागेपर्यंत ती चालू झालेलीच असते.

राउटर आपोआप रीस्टार्ट करणारी ओळ स्क्रिप्टमध्ये घालायचा मोह होतो. नोंदी जमवायच्या आठवड्यात ती अजिबात नको, राउटरचा लॉग पुसला जातो. नंतर घातली तर पहिलं यंत्र सलग पाच मिनिटं गप्प असेल, वीज 1 असेल, आणि मागच्या रीस्टार्टला अर्धा तास होऊन गेला असेल तेव्हाच. दिवसातून तीनदा तसं झालं की थांबवा.